घरचं तळण: कुरकुरीत व्हावं, तेलकट होऊ नये म्हणून

तळलेला पदार्थ तेलकट झाला की वाटतं, कढईत तेल फार झालं. बहुतेक वेळा उलटच घडलेलं असतं. तेल कमी पडलेलं असतं, नाहीतर नीट तापलेलं नसतं. पदार्थ तापलेल्या तेलात पडताच त्याच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि जोरात बाहेर पडते. आपल्याला दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट मिळत नाही. तेल कोमट असेल तर वाफेला जोर नसतो, वरचं कवच धरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ पदार्थ तेल पीत राहतो.

जाड बुडाची, खोल कढई किंवा पातेलं घ्या. तेल निदान पाच-सहा सेंटिमीटर खोल हवं, पण भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. ओलसर पदार्थ सोडला की तेल फसफसून वर येतं. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल तळणाला चांगलं, कारण ते २२० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावरच धुरावतं आणि बहुतेक तळण १६० ते १९० अंशांत उरकतं.

शक्य असेल तर तळणाचा थर्मामीटर घ्याच. तो नसेल तर पिठाचा थेंब तेलात सोडून बघा. थेंब तळाशी जाऊन रेंगाळला तर तेल गार आहे. किंचित बुडून लगेच वर आला आणि भोवती बुडबुडे धरले तर तेल तळायला तयार आहे. न बुडताच क्षणात तपकिरी झाला तर तेल फार तापलंय. अशा तेलात पदार्थ बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

घाणा लहान ठेवा. दीड लिटर तेलाला एका वेळी २०० ग्रॅम पदार्थ पुरे. त्याहून जास्त टाकलात तर तेलाचा ताव एकदम उतरतो आणि मोठी आच करूनही लवकर परत चढत नाही. घाई करून दोन घाणे एकात उरकले की दोन्ही बिघडतात. एक घाणा काढला की तेल पुन्हा तापू द्या, वर तरंगणारा चुरा झाऱ्याने काढा आणि मगच पुढचा घाला.

फ्रेंच फ्राइज

यात सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. बटाटा पिठूळ जातीचा हवा, आणि फ्रिजमधला नको. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. ते तळताना भराभर काळपट होतात आणि आतून शिजलेलेही नसतात. साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या सारख्या कांड्या कापा. पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा म्हणजे वरचा सुटा स्टार्च निघून जाईल, मग अर्धा तास गार पाण्यात ठेवा. त्यानंतर कापडावर पसरून अगदी कोरड्या करा. ओल राहिली तर तेल उडतं आणि तावही पडतो.

आता दोनदा तळायचं. पहिल्यांदा १५० ते १६० अंशांवर पाच-सहा मिनिटं. कांड्या मऊ व्हायला हव्यात, रंग मात्र येता कामा नये. बाहेर काढून जाळीवर पसरा आणि निदान अर्धा तास गार होऊ द्या. या वेळात वरची ओल उडून जाते. मग १९० अंशांवर दोन-तीन मिनिटं. बुडबुडे मंदावले आणि झाऱ्यावर कांड्या खडखडू लागल्या की काढा. रंग सोनेरी पिवळा असतानाच थांबा. बटाटा गडद तपकिरी होईतो तळला की कडू लागतो आणि त्यात ॲक्रिलामाइड हा नकोसा घटकही जास्त तयार होतो.

पिठात बुडवून, चुरा लावून

कांद्याच्या चकत्यांसाठी १०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ एकत्र करा. कढईतलं तेल तापल्यावरच या पिठाच्या मिश्रणात बर्फासारखं गार १८० मिली सोडा वॉटर ओता. चार-पाच वेळा ढवळून थांबा, गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फार घोटलं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि कवच चिवट होतं. चकत्या आधी कोरड्या मैद्यात घोळवा, नाहीतर पीठ निसटून कांदा उघडा पडतो. १८० अंशांवर दोन-तीन मिनिटं पुरतात.

चुरा लावायचा असेल तर आधी मैदा, मग फेटलेलं अंडं, मग ब्रेडचा चुरा हा क्रम पाळा आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे थर धरतो. चीजच्या कांड्यांना दोनदा चुरा लावून निदान दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, आणि १९० अंशांवर जेमतेम मिनिटभर तळा. चीज फुटून बाहेर आलं तर एक तर थरात भेग होती, नाहीतर कांडी जास्त वेळ तेलात राहिली. चिकनचे तुकडे १७० अंशांवर तळा. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश झाल्याशिवाय काढू नका. तयार गोठवलेले पदार्थ वितळवू नका, वरचा बर्फ झटकून थेट तेलात सोडा, आणि घाणा आणखी लहान घ्या.

पदार्थ बाहेर काढला की पुढची काही सेकंदं महत्त्वाची. तो निवू लागताच आतली वाफ विरते आणि वर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच दोन-तीनदा झटका आणि लगेच जाळीवर काढा. टिपकागदावर ढीग केला तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. मीठ गरम असतानाच भुरभुरा, पण कढईपासून दूर. मिठाने तेल लवकर खराब होतं.

तेल आणि आग

तेल धुरावू लागलं तर आच बंद करा आणि थांबा. पेट घेतलाच तर आच बंद करून धातूचं झाकण ठेवा, भांडं हलवू नका आणि पाणी तर अजिबात ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होऊन पेटतं तेल चौफेर उडतं. आग आटोक्यात येत नसेल तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

उरलेलं तेल पूर्ण निवल्यावर कापडातून गाळा आणि झाकणाच्या बाटलीत अंधाऱ्या जागी ठेवा. एकाच दिवशी बरंच काही तळायचं असेल तर आधी बटाटे, मग पिठातले पदार्थ आणि चुऱ्याचे शेवटी, कारण चुरा तळाशी जळत राहतो आणि तेल कडू करतो. तेल दाट झालं, तळताना वर न विरणारा फेस धरू लागलं, खवट वास आला किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरावलं तर टाकून द्या. सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. बाटलीत बंद करून कचऱ्यात टाका.