होलिरूडच्या उमेदवाराची कुंडली कशी काढायची

महाराष्ट्रात विधानसभेचा उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र जोडतो. प्रलंबित खटले, जमीनजुमला, सोनं, कर्ज, शिक्षण, गेल्या पाच वर्षांचं आयकर विवरणातलं उत्पन्न, सगळं एका कागदात. तो कागद आयोगाच्या साइटवर चढतो आणि कुणाच्या घरात किती तोळे आहेत हे गावभर होतं. हीच सवय घेऊन एडिनबरा किंवा ग्लासगोत पहिल्यांदा मतदानाला निघालेला मराठी माणूस तसाच कागद शोधत बसतो. (भारतीय पासपोर्ट आणि वैध व्हिसा असेल, वय १६ पूर्ण असेल आणि मतदार यादीत नाव असेल तर स्कॉटिश संसदेसाठी, म्हणजे होलिरूडसाठी, मत देता येतं.) तो कागद तिथे सापडत नाही, कारण तो नसतोच. मालमत्ता किंवा खटले जाहीर करण्याची सक्ती उमेदवारावर नाही. माहिती असते, पण आठ-दहा वेगवेगळ्या रजिस्टरांत विखुरलेली. ती गोळा करून एका माणसाच्या नावावर खात्रीने लावणं हेच खरं काम. एका उमेदवाराला दोन-अडीच तास धरा.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. स्कॉटिश नॅशनल पार्टीला, म्हणजे एसएनपीला, आपण सहज ‘प्रादेशिक पक्ष’ म्हणतो. त्यांच्या कार्यकर्त्यासमोर म्हणू नका. त्याच्या लेखी स्कॉटलंड हा देश आहे. शिवाय होलिरूडच्या भाषेत ‘प्रादेशिक उमेदवार’ म्हणजे वेगळंच काही. १२९ पैकी ७३ सदस्य थेट मतदारसंघातून येतात आणि ५६ आठ प्रदेशांच्या याद्यांतून, प्रत्येकी सात. आणि हो, सदस्याला तिथे एमएसपी म्हणतात. हमीभावाशी संबंध नाही.

कुणाला तपासायचं

सगळ्यांना तपासायला गेलात तर कुणीच नीट तपासून होणार नाही. २०२१ मध्ये एसएनपीने ६४ जागा घेतल्या. त्यातल्या ६२ थेट मतदारसंघातल्या, यादीतून फक्त २. कारण यादीतल्या जागा वाटताना त्या प्रदेशात पक्षाने आधी जिंकलेल्या मतदारसंघांच्या जागा त्याच्या मतांना भागणाऱ्या आकड्यात धरल्या जातात. मतदारसंघ झाडून जिंकणाऱ्या पक्षाला यादीत फारसं उरत नाही. म्हणून एसएनपीचा मतदारसंघातला उमेदवार आधी, आणि यादीतली फार तर पहिली दोन नावं. ग्रीन पक्षाचं गणित उलटं: त्यांची यादी आधी वाचायची. यादीच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव असतं, माणसांची नावं नसतात. त्यामुळे यादी मतदानाआधीच पाहून ठेवा.

खरं नाव मिळवा

अर्जांची मुदत संपली की, मतदानाच्या साधारण महिनाभर आधी, रिटर्निंग ऑफिसर नामांकित व्यक्तींचं निवेदन जाहीर करतो. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, साइटवर ती एक-दोन पानांची पीडीएफ असते: नाव, पत्ता, पक्षाचं वर्णन. कुंडलीची सुरुवात इथून करायची, पक्षाच्या पोस्टरवरून नाही. पोस्टरवर बऱ्याचदा ‘प्रचलित नाव’ असतं. रजिस्टरात ‘अलेक्झांडर’ असलेला माणूस पोस्टरवर ‘सँडी’ असतो, आणि सँडी टाकून कंपन्यांच्या नोंदी शोधल्या तर काहीच हाती लागत नाही. लग्नाआधीचं आडनाव, मधलं नाव, गेलिक रूप, हे सगळे पर्याय एका कागदावर लिहून घ्या.

पत्त्याच्या रकान्यात घरचा पत्ता नसून फक्त मतदारसंघाचं नाव दिसलं तर संशय घेऊ नका. पत्ता लपवण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि खासदारांवरच्या हल्ल्यांनंतर तो बरेच जण वापरतात.

याआधी कुठे-कुठे उभा होता हे डेमोक्रसी क्लबच्या ‘हू कॅन आय व्होट फॉर’ या साइटवर मिळतं. स्वयंसेवक हीच निवेदनं वाचून ती भरतात. मात्र २०२१ च्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. २०२६ पासून मतदारसंघांच्या सीमा बदलल्या आहेत. नाव तेच असलं तरी वस्त्या इकडच्या तिकडे गेल्या असू शकतात.

साचा ओळखा, मग रजिस्टर निवडा

एसएनपीचे उमेदवार बहुतेक चार साच्यांतून येतात, आणि प्रत्येक साच्याचं दफ्तर वेगळं.

पहिला, विद्यमान एमएसपी. त्यांचं हितसंबंध रजिस्टर संसदेच्या साइटवर असतं: बाहेरचं मानधन, भेटवस्तू, शेअर, भाड्याने दिलेलं घर. राहतं घर त्यात नसतं, त्यामुळे ‘घरच दाखवलं नाही’ ही ओरड फुकाची. इथे खरी माहिती प्रश्न आणि प्रस्तावांत आहे. २०२१ ते २०२६ च्या सहाव्या सत्रातल्या प्रस्तावांचे क्रमांक ‘एस-सहा-एम’ने सुरू होतात. सदस्याच्या नावाने गाळणी लावा आणि स्थानिक फुटबॉल संघाचं अभिनंदन करणारे प्रस्ताव बाजूला काढा. तसले प्रस्ताव पुष्कळ असतात. उरलेल्यांत माणूस दिसतो.

दुसरा, कौन्सिलर. स्कॉटलंडच्या ३२ कौन्सिलांतल्या प्रत्येक कौन्सिलरला हितसंबंध नोंदवावे लागतात: नोकरी कुठे, पद काय, कोणत्या संस्थेवर. पगाराचा आकडा नसतो. त्यासोबत समितीची इतिवृत्तं वाचा. नियोजन समितीत एखाद्या बांधकामाच्या वेळी कौन्सिलर हितसंबंध सांगून बाहेर गेला की नाही हे इतिवृत्तात एका ओळीत असतं. ती ओळ रजिस्टरशी ताडून पाहिली की रजिस्टर नीट भरलंय का ते कळतं. आचारसंहिता मोडल्याची सुनावणी झाली असेल तर स्टँडर्ड्‌स कमिशन फॉर स्कॉटलंडच्या साइटवर निर्णय पूर्ण मिळतो: ताकीद, निलंबन की अपात्रता. नुसती तक्रार झाल्याची बातमी आणि सुनावणीतला निकाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तक्रारी प्रतिस्पर्धीही करतात.

तिसरा, कुणाच्या तरी कार्यालयातला सहायक. स्कॉटलंडचे माजी फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ आधी बशीर अहमद या एमएसपींच्या कार्यालयात काम करत होते. ही वाट जुनी आहे. पत्रकात ‘सार्वजनिक सेवेचा अनुभव’ असं मोघम लिहिलं असेल तर बहुधा हेच असतं. वेस्टमिन्स्टरमधल्या, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेतल्या, खासदारांच्या सचिव आणि संशोधन सहायकांचं हितसंबंध रजिस्टर सार्वजनिक आहे. त्यात नाव शोधा.

चौथा, माजी खासदार. जुलै २०२४ मध्ये एसएनपी ४८ वरून ९ खासदारांवर आली, आणि त्यातल्या अनेकांनी होलिरूडकडे मोर्चा वळवला. यांचं काम सोपं: भाषणं आणि मतं ‘दे वर्क फॉर यू’ या साइटवर, हितसंबंध वेस्टमिन्स्टरच्या रजिस्टरात.

या चारांत न बसणारे शिक्षक, परिचारिका, वकील यांची व्यावसायिक नोंद तपासता येते. शिक्षकांची जनरल टीचिंग कौन्सिल फॉर स्कॉटलंडकडे, परिचारिकांची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, वकिलांची लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडकडे. नोंद चालू नसेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की माणसाने पेशा सोडलाय.

कंपनीज हाउस: इथेच सगळे चुकतात

ब्रिटनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचे संचालक कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट दिसतात. शोधपेटीत कंपनीऐवजी ‘ऑफिसर’ हा पर्याय निवडून नाव टाका. मॅक्डॉनल्ड किंवा कॅम्पबेल टाकलंत तर यादी संपता संपत नाही. प्रत्येक नावाखाली जन्माचा महिना आणि वर्ष असतं, तारीख नसते. निवडणुकीच्या निवेदनात जन्मतारीखच नाही. मग जोड कशी लावायची? स्थानिक वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत वय सापडतं. त्यावरून वर्ष काढा. नाव धरून आणखी दोन खुणा जुळल्याशिवाय (जन्मवर्ष, गाव, व्यवसाय, सहसंचालक जोडीदार) ती नोंद उमेदवाराच्या खात्यावर मांडायची नाही. एकच खूण जुळली तर कागदावर प्रश्नचिन्ह घालून सोडून द्या.

दुसरी अडचण याच्या उलट. एकाच माणसाच्या दोन नोंदी असतात: एका कंपनीत मधल्या नावासकट, दुसरीत त्याशिवाय. साइट त्यांना दोन वेगळे ऑफिसर समजते आणि नेमणुका दोन पानांत विभागल्या जातात. म्हणून नावाची सगळी रूपं टाकून पाहायची.

‘विसर्जित’ शब्द दिसला की लोक बुडवाबुडवीचा वास घेतात. इमारतीच्या सोसायटीसारखी व्यवस्थापन कंपनी, गावचा विकास ट्रस्ट, पाळणाघर, एका माणसाची सल्लागार कंपनी, अशा कितीतरी कंपन्या काम संपल्यावर रीतसर बंद होतात. पाहायचं ते ‘फाइलिंग हिस्टरी’त: हिशेब वेळेवर भरलेत का, नाव काढून टाकण्याची नोटीस पुन्हा पुन्हा आलीय का, आणि बंद होताना लिक्विडेटर (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) नेमला होता का. लिक्विडेटर असेल तर त्याचा अहवाल उघडा. देणी कुणाची राहिली ते तिथे लिहिलेलं असतं. ‘लक्षणीय नियंत्रण असलेली व्यक्ती’ या रकान्यात २५ टक्क्यांहून जास्त मालकी असलेले दिसतात. नावापुरता संचालक की खरा मालक, हे तिथे कळतं.

वैयक्तिक दिवाळखोरी स्कॉटलंडच्या अकाउंटंट इन बँकरप्सीच्या रजिस्टरात शोधता येते. इंग्लंडमध्ये राहिलेल्या उमेदवारासाठी इंग्लंड-वेल्सचं रजिस्टर वेगळं आहे, तेही पाहा.

गुन्ह्यांची नोंद

इथे भारतीय मतदाराची सगळ्यात जास्त निराशा होते. दुसऱ्याची गुन्हेगारी नोंद मागवायची सोय नाही. स्कॉटिश न्यायालयांच्या साइटवर वरच्या न्यायालयांचे निकाल आणि शेरीफ, म्हणजे स्थानिक, न्यायालयाचे निवडक निकाल असतात. बाकी भिस्त वर्तमानपत्रांवर. तेव्हा ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा लिहू नका. कुठे शोधलं आणि कोणत्या तारखेला, एवढंच लिहा.

सापडलेलं मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याआधी थांबा. निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान पसरवणं हा तिथे निवडणूक गुन्हा आहे. १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०६ खाली फिल वूलस या वेस्टमिन्स्टरच्या खासदाराची २०१० ची निवड रद्द झाली होती. होलिरूडच्या निवडणूक नियमांतही तशीच तरतूद आहे. ‘ऐकलंय’ हा शब्द तिथे वाचवत नाही.

पत्रक वाचताना

आधी तळाची बारीक ओळ वाचा. छापणारा कोण, प्रकाशित कुणी आणि कुणाच्या वतीने केलं, हे छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन जाहिरातीतही, छापणारा सोडून, तेच द्यावं लागतं. ‘स्थानिक बातमीपत्र’ वाटणारा कागद पुष्कळदा पक्षाचाच असतो, आणि उमेदवाराची निंदा करणारा कागद प्रतिस्पर्ध्याचा. जुनी पत्रकं इलेक्शन लीफलेट्‌सच्या संग्रहात मिळतात. दोन निवडणुकांमधली एकाच माणसाची दोन पत्रकं शेजारी ठेवली की कोणती ओळ गळाली ते दिसतं.

भारताचा धागा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. एसएनपीच्या माजी अर्थमंत्री केट फोर्ब्स यांचं बालपण काही काळ भारतात गेलं, ही माहिती आपल्या ग्रुपांवर हमखास फिरते. पण मतदाराच्या कामाची माहिती म्हणजे २०२० ते २०२३ मध्ये अर्थखातं सांभाळताना त्यांनी मांडलेली अंदाजपत्रकं.

कार्डिफला राहत असाल तर

वेल्समध्ये २०२६ पासून सेनेडचे (वेल्श संसदेचे) ९६ सदस्य, १६ मतदारसंघ, प्रत्येकी सहा, आणि मत थेट पक्षाच्या बंद यादीला. क्रम पक्षाने ठरवलेला. सहा जागांत साधारण १४.३ टक्के मतांना एक जागा नक्की, २८.६ ला दोन. म्हणजे प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या यादीतली पहिली तीन नावं बारकाईने, उरलेली वरवर. उमेदवाराचं नाव वेल्समधल्या मतदार यादीत असणं आता सक्तीचं आहे, त्यामुळे ‘बाहेरचा’ हा आक्षेप बराच विरलाय. वेल्श भाषेतल्या मुलाखती गोलुग ३६० या बातम्यांच्या साइटवर मिळतात. भाषांतर यंत्राने वाचल्या तरी चालतं, मात्र गावांची नावं मूळ लिपीतच पडताळा. आणि आधीचे पराभव मोजायला विसरू नका. ऑक्टोबर २०२५ ची केअरफिलीची पोटनिवडणूक जिंकणारे लिंडसे व्हिटल त्याच जागेवर अनेकदा हरले होते, केअरफिली कौन्सिलचे नेते होते आणि २०११ ते २०१६ कार्डिफच्या सभागृहातही होते. नुसतं ‘नवा आमदार’ म्हणून पाहिलं तर हे सगळं निसटतं.

शेवटी उरलेले प्रश्न

कागदावर प्रश्नचिन्हं राहतातच. ती उमेदवारालाच विचारा. चर्च हॉल किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये हस्टिंग्ज होतात, तिथे सगळे उमेदवार एका टेबलाशी बसतात. प्रश्न बहुधा आधी चिठ्ठीवर द्यावे लागतात. ‘तुमची पार्श्वभूमी सांगा’ असं विचारलंत तर पत्रकच ऐकायला मिळेल. ‘अमुक कंपनीचं संचालकपद तुम्ही अमुक महिन्यात सोडलंत, त्याच महिन्यात लिक्विडेटर आला, तेव्हा ज्यांचे पैसे थकले त्यांचं काय झालं?’ असा एका दमात वाचता येणारा, तारीख असलेला प्रश्न लिहा. चिठ्ठी निवडली गेली नाही तर तोच मजकूर ईमेलने पाठवा, पण मतदानाच्या दोन आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात सगळे दारोदार फिरत असतात आणि इनबॉक्स उघडायला कुणाला सवड नसते.