पीएचपीत नवखे कुठे अडकतात? या चुका टाळा

पीएचपी ही वेबसाइट बनवायची प्रोग्रामिंग भाषा शिकायला लागलेल्याला सगळ्यात जास्त छळतं ते कोरं पांढरं पान. कोड लिहिला, पान रिफ्रेश केलं आणि ब्राउझरमध्ये काहीच नाही. ना मजकूर, ना एरर. मग ही ओळ काढून बघ, ती बदलून बघ, नेटवरून तिसरीच आणून चिकटव, असा प्रकार सुरू होतो आणि थोड्या वेळाने मूळ चूक कोणती होती हेही कळेनासं होतं. खरं तर पीएचपीला चूक सापडलेली असते. फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकही तिला माहीत असतो. फक्त तो पडद्यावर दाखवायचा नाही, असं सेटिंगमध्ये ठरलेलं असतं.

म्हणून शिकण्याच्या मशीनवर सगळ्यात आधी एरर दिसू द्या. 'पीएचपी डॉट आयएनआय' या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'डिस्प्ले एरर्स' ऑन करा आणि 'एरर रिपोर्टिंग' 'ई ऑल'वर ठेवा. हेच कोडच्या पहिल्या ओळीत 'आयएनआय सेट' वापरूनही करता येतं, पण त्यात एक मेख आहे. त्याच फाइलमध्ये कंस किंवा सेमीकोलन राहिला असेल, तर पीएचपी ती फाइल चालवायलाच घेत नाही. मग तुमची पहिली ओळही चालत नाही आणि पान पांढरं ते पांढरंच राहतं. आयएनआयमध्ये बदल केल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करायचा. तरीही फरक पडला नाही, तर बहुधा तुम्ही भलतीच आयएनआय बदलली आहे, कारण कमांड लाइनची आणि वेब सर्व्हरची फाइल वेगळी असू शकते. 'पीएचपीइन्फो' फंक्शनचं पान उघडा आणि 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल'समोर कोणता पाथ आहे तो बघा. साइट लाइव्ह गेली की मात्र डिस्प्ले बंद आणि लॉग चालू. लोकांना तुमच्या फोल्डरांची नावं दाखवायचं काही कारण नाही.

पानावर कोडच जसाच्या तसा दिसतोय, किंवा फाइल उघडण्याऐवजी डाउनलोड होतेय? ॲड्रेस बारकडे बघा. तिथे 'लोकलहोस्ट'ऐवजी 'फाइल' असेल, तर तुम्ही फाइलवर डबल क्लिक केलंय. पीएचपी सर्व्हरवर चालते, ब्राउझरला तिच्यातलं काही कळत नाही.

एरर दिसायला लागली की ती पूर्ण वाचायची. ओळ क्रमांकावर मात्र आंधळा विश्वास नको. सेमीकोलन सातव्या ओळीत राहिला असेल तर तक्रार आठव्या ओळीची येते, कारण काहीतरी बिनसलंय हे पीएचपीला तिथे पोचल्यावर समजतं. 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल' (पीएचपी ८ पासून 'अनक्लोज्ड') असं आलं तर शेवटची ओळ न्याहाळत बसू नका. वर कुठेतरी महिरपी कंस उघडा राहिलाय.

हेडर्स ऑलरेडी सेंट

ही एरर नवख्यांच्या वाट्याला हमखास येते आणि ती हमखास अर्धीच वाचली जाते. तिच्यात दोन जागा दिलेल्या असतात. एक, जिथे तुम्ही 'हेडर' फंक्शन, म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला सूचना पाठवणारं फंक्शन, वापरलं ती. दुसरी, 'आउटपुट स्टार्टेड ॲट' या शब्दांनंतरची. सगळे पहिलीकडे बघतात, घोटाळा दुसरीकडे असतो. ब्राउझरकडे पानाचा मजकूर जायला लागला की त्यानंतर हेडर पाठवता येत नाही, आणि मजकूर म्हणजे एक रिकामी जागासुद्धा. पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधी पडलेली एखादी मोकळी ओळ, इन्क्लूड केलेल्या फाइलच्या शेवटी '?>' नंतर उरलेल्या दोन ओळी, डीबगिंगसाठी टाकलेला आणि काढायचा विसरलेला 'एको' (मजकूर छापणारी आज्ञा), यातलं काहीही पुरतं. निव्वळ पीएचपी असलेल्या फाइलमध्ये शेवटचा '?>' लिहूच नये. तो नसला तर काही अडत नाही.

दाखवलेली जागा पहिल्या ओळीची आहे आणि तिथे तर काहीच दिसत नाही, असंही होतं. तेव्हा एडिटरने फाइल 'बॉम'सकट सेव्ह केलेली असते. फाइलच्या तोंडाशी असलेले हे तीन बाइट्स डोळ्यांना दिसत नाहीत, पण ब्राउझरकडे जातात. 'यूटीएफ-८ विदाउट बॉम' निवडून फाइल पुन्हा सेव्ह करा.

'माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही' या तक्रारीमागेही पुष्कळदा हेच असतं. 'आउटपुट बफरिंग' ४०९६ बाइट्सवर चालू असेल, तर तेवढा मजकूर साठेपर्यंत पीएचपी तो रोखून धरते आणि चूक झाकली जाते. पान मोठं झालं किंवा बफरिंग बंद असलेल्या सर्व्हरवर गेलं, की तोच कोड फुटतो. सेशन (एका पानावरून दुसऱ्यावर जाताना वापरकर्ता लक्षात ठेवण्याची सोय) सुरू करणारं फंक्शनही कुकी हेडरमधूनच पाठवतं, म्हणून ते प्रत्येक पानाच्या अगदी वर हवं. आणि रीडायरेक्टच्या हेडरनंतर 'एक्झिट' लिहा. नाहीतर ब्राउझर दुसऱ्या पानावर जातो खरा, पण खालचा कोड सर्व्हरवर चालतच राहतो. लॉगिन नसलेल्याला बाहेर काढणाऱ्या पानावर हे फार महागात पडतं.

फॉर्म भरला, पण हाती काहीच आलं नाही

'अनडिफाइन्ड ॲरे की' अशी वॉर्निंग आली की बरेच जण '??' (किंमत नसेल तर पर्यायी किंमत घेणारं चिन्ह) लावून ती गप्प करतात. '??' चांगलाच आहे, पण आधी ती 'की', म्हणजे ॲरेतलं नाव, का नाही ते बघा. इनपुटला 'आयडी' दिलाय आणि 'नेम' नाही, असं असेल तर ब्राउझर ती किंमत पाठवतच नाही. फॉर्मची मेथड 'गेट' असताना कोड 'पोस्ट'मध्ये शोधतोय, हेही नेहमीचंच. अंदाज बांधण्यापेक्षा पानाच्या वरच 'व्हार डंप' करून पोस्टचा अख्खा ॲरे छापून बघा.

फाइल अपलोडची गंमत वेगळी आहे. फॉर्मला 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' हा एन्कोडिंगचा प्रकार दिला नाही, तर फाइलचं फक्त नाव पोचतं. तो दिलाय, लहान फाइल जाते आणि मोठी पाठवली की पोस्टचा ॲरेच रिकामा येतो, असं झालं तर कोडला हात लावू नका. 'पोस्ट मॅक्स साइज'ची मूळ मर्यादा ८ एमबी आहे. ती ओलांडली की फाइलच नव्हे, सोबतची नाव-पत्त्याची खोकीही रिकामी पोचतात. एकेका फाइलची मूळ मर्यादा तर २ एमबीच आहे.

डेटाबेस आणि जुनी ट्युटोरियल्स

'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' आणि पुढे 'मायएसक्यूएल कनेक्ट' असं दिसलं, तर ते ट्युटोरियल तिथेच बंद करा. ती जुनी फंक्शन्स २०१५ साली आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. डेटाबेसशी बोलण्यासाठी 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' यांपैकी एक घ्या. मी पीडीओ सुचवेन. अशा ट्युटोरियलमधल्या बाकीच्या सवयीही त्याच काळातल्या असतात, विशेषतः फॉर्ममधली किंमत थेट क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) जोडण्याची. कोणी आडनावाच्या खोक्यात 'ओ'ब्रायन' लिहिलं, की त्यातल्या एका अवतरणचिन्हाने क्वेरी मोडते. इथे निष्पाप नावाने क्वेरी मोडली. मुद्दाम लिहिलेला मजकूर अख्खं टेबल वाचू किंवा पुसू शकतो. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरी आणि किंमत वेगवेगळी पाठवायची पद्धत, वापरली की दोन्ही प्रश्न मिटतात.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर टेबल आणि कनेक्शन दोन्हींचा कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' आहे का ते बघा. टेबल बरोबर आणि कनेक्शन चुकीचं, असंच बहुतेकदा सापडतं. मात्र डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं साठली असतील, तर तो मजकूर गेला. सेटिंग सुधारून परत येत नाही.

शीर्षक कापताना शेवटी चौकोन किंवा विचित्र चिन्ह येतं, त्याचं कारण वेगळं. 'मराठी' हा शब्द 'स्ट्रलेन'ला दिला तर उत्तर १५ येतं, 'एमबी स्ट्रलेन'ला दिला तर ५. पहिलं फंक्शन बाइट्स मोजतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, तीन बाइट्स घेतं. 'सबस्ट्र'ने २० बाइट्सवर कापलं, की सलग देवनागरीतली सहा चिन्हं पूर्ण येतात आणि सातव्याचे दोनच बाइट्स उरतात. 'एमबी'वाली फंक्शन्स वापरा.

लॉगिनचं शेवटचं एक दुखणं. 'पासवर्ड हॅश'ने पासवर्ड हॅश करून, म्हणजे न वाचता येणाऱ्या रूपात बदलून, साठवला, कोड तंतोतंत बरोबर, तरी 'पासवर्ड व्हेरिफाय' दर वेळी नाहीच म्हणतंय. टेबलमधल्या कॉलमची लांबी बघा. 'पासवर्ड हॅश' वापरतं त्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम ५० चा असेल आणि डेटाबेसचा स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारं सेटिंग) बंद असेल, तर शेपूट मुकाट्याने कापलं जातं. लांबी २५५ करा आणि पासवर्ड नव्याने साठवा, कारण कापले गेलेले हॅश आता कशाशीच जुळणार नाहीत.