केसांना सीरम लावून लगेच स्ट्रेटनर फिरवताय? आधी खिडकी उघडा

बऱ्याच हेअर सीरम आणि हीट प्रोटेक्शन स्प्रेमध्ये सायक्लोपेंटासिलॉक्सेन असतं, त्याला डी५ पण म्हणतात, केसांना जो मऊ सिल्की फील येतो ना तो बराचसा त्याचाच. पण हे उडून जाणारं सिलिकॉन आहे, त्यामुळे त्वचेतून फार कमी आत जातं, खरा प्रश्न श्वासाचा आहे, कारण स्ट्रेटनर जेवढा गरम तेवढं ते भराभर हवेत उडतं आणि बंद बाथरूममध्ये तेच आपण नाकाने आत घेत बसतो. म्हणून एक्झॉस्ट लावा, दार-खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना त्या वेळी बाहेर पाठवा, आणि जमलं तर सीरम सगळं स्टायलिंग झाल्यावर, केस गार झाले की दोनच थेंब लावा.

घेताना बाटलीमागची यादी बघाच. 'सायक्लो'ने सुरू होऊन 'सिलॉक्सेन'ने संपणारं नाव किंवा नुसतं सायक्लोमेथिकोन दिसलं तर तेच किंवा त्याच जातीचं समजा. डायमेथिकोन वेगळं, ते सहसा असं उडत नाही, उगाच घाबरू नका. युरोपात धुवून टाकायच्या शाम्पू-कंडिशनरमध्ये डी५ ०.१ टक्क्याच्या खाली ठेवायचा नियम २०२० पासून आहे, तो मुख्यतः पाण्यात साठून राहतं म्हणून.