स्वतःच्या सर्व्हरसाठी कंट्रोल पॅनेल निवडताना

व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घेतला की तो ब्राउझरमधून सांभाळायला पॅनेलची शोधाशोध सुरू होते, आणि बहुतेक जण आधी बघतात ते स्क्रीनशॉट. वर्डप्रेस एका क्लिकवर बसतं का, डार्क मोड आहे का वगैरे. हे सगळं शेवटी बघा. पॅनेल हीसुद्धा एक वेबसाइटच असते, फक्त तिच्या हातात रूटचे, म्हणजे सर्व्हरवर काहीही करण्याचे, अधिकार असतात. त्यात त्रुटी सापडली तर एखादी साइट नाही, अख्खा सर्व्हर जातो.

१. मुळात पॅनेल हवंच आहे का?

एकच साइट असेल आणि कमांड लाइनची भीती नसेल, तर पॅनेल टाकूच नका. वेबसर्व्हर म्हणून एनजिनएक्स, पीएचपी आणि एसएसएल सर्टिफिकेटसाठी सर्टबॉट एवढ्यावर काम भागतं. चार-पाच साइट्स असतील, त्याही वेगवेगळ्या लोकांच्या, तर गोष्ट वेगळी. ईमेल याच सर्व्हरवर ठेवायचा का, हेही आत्ताच ठरवा. माझं मत विचाराल तर ठेवू नका. मेल दुसरीकडे गेला की क्लाउडपॅनेलसारखं, मेल सर्व्हर नसलेलं आटोपशीर पॅनेल चालतं.

२. पॅनेलचा पूर्वेतिहास काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. २०१८ साली व्हेस्टा या पॅनेलच्या एका त्रुटीतून अनेक सर्व्हर हल्लेखोरांच्या हाती गेले आणि दुसऱ्यांवर डीडॉस हल्ले (मागण्यांचा भडिमार करून साइट बंद पाडणं) करायला वापरले गेले. त्याच वर्षी पुढे कळलं की व्हेस्टाची इन्स्टॉलेशन स्क्रिप्टच कोणीतरी बदलली होती आणि नव्या सर्व्हरचे पासवर्ड बाहेर जात होते. वेबमिन या पॅनेलचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा कोड स्वच्छ होता, पण डाउनलोडला ठेवलेल्या १.८९० या आवृत्तीत चोरवाट होती. ‘ओपन सोर्स आहे, म्हणजे सुरक्षित’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सायबरपॅनेलचं उदाहरण ऑक्टोबर २०२४ चं. लॉगिन न करताच रूट मिळत होतं. दुरुस्ती गिटहबवर आली होती, पण नवी आवृत्ती निघण्याआधीच हल्ले सुरू झाले आणि हजारो सर्व्हर खंडणीखोरांच्या तावडीत सापडले.

त्रुटी सगळ्याच पॅनेलमध्ये निघतात. म्हणून चेंजलॉग, म्हणजे आवृत्त्यांमधल्या बदलांची नोंद, उघडून बघा: सुरक्षेची दुरुस्ती स्पष्ट शब्दांत, त्रुटींच्या जाहीर यादीतल्या सीव्हीई क्रमांकासह लिहिली आहे, की ‘किरकोळ सुधारणा’ म्हणून गुंडाळली आहे? त्रुटी कळल्यापासून आवृत्ती निघेपर्यंत किती दिवस गेले? अपडेट आपोआप बसतात का? शेवटची आवृत्ती निघून वर्ष उलटलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

३. पैसे आणि ऑपरेटिंग सिस्टीम

सीपॅनेलची किंमत २०१९ पासून खात्यांच्या संख्येवर ठरते, त्यामुळे साइट्स वाढतील तसं बिलही वाढतं. ते टाळायला कोणी ‘क्रॅक’ लायसन्स सुचवलं तर हात जोडा. अनोळखी माणसाचा कोड तुम्ही स्वतःच रूट म्हणून चालवणार असता. फुकटात हवं असेल तर व्हेस्टातूनच फुटून निघालेलं हेस्टिया बघण्यासारखं आहे. ते डेबियन आणि उबंटू या लिनक्सवरच चालतं आणि कोऱ्या सर्व्हरवरच टाकायचं असतं. सेंटओएस ७ मागणारं जुनं पॅनेल घेऊ नका. त्या सिस्टीमचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले.

४. तासाभराच्या भाड्यावर परीक्षा घ्या

तासावर मिळणारा छोटा सर्व्हर घ्या, पॅनेल टाका आणि दोन खोट्या ग्राहकांच्या नावाने दोन वर्डप्रेस साइट्स बनवा. दोन्ही साइट्स उघडून ठेवून एचटॉप या चालू प्रोसेस दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पीएचपीच्या प्रोसेस कोणत्या युजरच्या नावावर आहेत ते बघा. प्रत्येक साइटचा युजर वेगळा हवा. मग पहिल्या साइटवर दोन ओळींची पीएचपी फाइल ठेवून तिच्याकरवी दुसऱ्या साइटची कॉन्फिग फाइल वाचायचा प्रयत्न करा. डेटाबेसचा पासवर्ड समोर आला तर पॅनेल तिथेच बाद, कारण उद्या एका ग्राहकाचं जुनं प्लगइन फुटलं की बाकीचेही गेले.

एसएस कमांडने उघडी पोर्टं, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची क्रमांक असलेली दारं, हीही तपासा. ३३०६ वर मायएसक्यूएल डेटाबेस बाहेरच्या जगाला दिसत असेल, किंवा फाइली पाठवायचं, न मागितलेलं एफटीपी २१ वर बसलं असेल, तर ते बंद करता येतं का बघा. टू-फॅक्टर लॉगिन नसेल तर पुढचं पॅनेल बघा.

५. दार बंद करा

हेस्टिया ८०८३ वर, प्लेस्क ८४४३ वर, सीपॅनेलचं डब्ल्यूएचएम २०८७ या पोर्टवर ऐकतं. नुसता नंबर बदलून भागत नाही, स्कॅनर तो शोधतातच. होस्टिंग कंपनीच्या फायरवॉलमध्ये ते पोर्ट बंद करा आणि स्वतः एसएसएच टनेल किंवा वायरगार्ड व्हीपीएन अशा कूटबद्ध वाटेने आत या. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत असतो, तेव्हा एकच आयपी मोकळा ठेवण्याच्या नादात स्वतःच बाहेर अडकाल. साइट्सची ८० आणि ४४३ मात्र उघडी ठेवावीच लागतात.

झालं की फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पॅनेलचा पत्ता टाका. पान उघडलं नाही, तर खऱ्या साइट्स हलवायला हरकत नाही.