रिकामं वायूक्षेत्र म्हणजे रिकामी टाकी नव्हे: भूमिगत गॅससाठ्याबाबत या चुका टाळा

कोकणातल्या दाभोळ बंदराचा ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अनेक वर्षं अपुरा होता, त्यामुळे पावसाळ्यात तिथे एलएनजीची (थंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूची) जहाजं लागत नसत. तेव्हापासून मुंबईत आम्हा तेल-वायूवाल्यांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो. समुद्रातली जी वायूक्षेत्रं संपली, त्यांत स्वस्ताईच्या दिवसांत गॅस भरून ठेवला आणि अडचणीच्या वेळी काढला तर? माझ्या मते हे जरूर करावं. ही जुनी विद्या आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९१५ सालीच ती जमली. अमेरिकेतले बहुतेक भूमिगत गॅससाठे आज अशाच संपलेल्या क्षेत्रांत आहेत. आपल्याकडे मात्र अजून एकही नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या गुहांत आहे ते कच्चं तेल, तेही कोरलेल्या खडकात. तो अनुभव इथे फारसा कामाला येत नाही.

टाकी समजू नका

माझ्या टेबलावर वाळूखडकाचा बोटभर लांबीचा तुकडा असतो. शिकायला येणाऱ्या मुलांना मी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायला सांगतो. थेंब क्षणभर फुगून बसतो, मग आत जिरतो आणि मागे नुसता गडद डाग उरतो. गॅसही असाच कणाकणांमधल्या फटींत राहतो, आणि त्याच्यावर न झिरपणाऱ्या खडकाचं झाकण असतं.

म्हणून क्षेत्र 'संपलं' तरी आतला दाब शून्यावर जात नाही, आणि जाऊ द्यायचाही नसतो. ढोबळ मानानं निम्मा गॅस कायम आतच ठेवावा लागतो. हा कुशन गॅस. त्याच्या दाबामुळेच उरलेला, म्हणजे भरण्या-काढण्याचा वर्किंग गॅस हव्या त्या वेगानं वर येतो. अहवालात एकूण क्षमतेचा आकडा लिहून तोच विक्रीचा धरला, की पुढचं सगळं गणित चुकतं. साठा उतरत जातो तसा रोज मिळणारा गॅसही कमी होतो, हेही लोक विसरतात. पावसाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात जूनइतका गॅस मिळणार नाही.

कुशन गॅस विकत घेऊन भरायचा तर तो प्रचंड भांडवली खर्च आहे. त्यामुळे साठवणुकीचा निर्णय क्षेत्र चालू असतानाच व्हायला हवा. समुद्रातल्या ताप्ती वायूक्षेत्राचं उत्पादन २०१६ साली थांबलं. कुठल्याही क्षेत्रात प्लॅटफॉर्म कापून नेल्यावर आणि विहिरी सिमेंटनं बुजवल्यावर हा विचार सुरू झाला, तर सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

झाकण भक्कम म्हणून विहिरी भक्कम समजू नका

ही चूक सगळ्यांत महाग पडते. 'या खडकानं कोट्यवधी वर्षं गॅस धरून ठेवलाय, तो आता कशाला सोडेल?' असं मी अनेकदा ऐकलं आहे. खडक सोडणारही नाही. पण त्या झाकणाला भोकं आपणच पाडली आहेत, आणि त्यांचं वय कोट्यवधी वर्षं नाही.

कॅलिफोर्नियातल्या अलिसो कॅन्यनचं उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगतो. तिथली एसएस-२५ ही विहीर १९५३ साली तेलासाठी खोदली आणि सत्तरच्या दशकात गॅससाठ्याला जोडली. तिचा खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह १९७९ मध्ये काढला, तो परत बसवलाच नाही. गॅस ट्युबिंगमधूनही, म्हणजे आतल्या बारीक नळीतूनही जायचा, आणि ती नळी व केसिंग (विहिरीच्या भिंतीचा स्टीलचा पाइप) यांच्या मधल्या पोकळीतूनही. म्हणजे बाहेरच्या मातीत आणि आतल्या दाबात एकच भिंत उरली, केसिंगची. भूजलामुळे ती बाहेरून गंजत गेली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सुमारे २७० मीटर खोलीवर फाटली. वरून जड मड (घट्ट चिखलासारखा द्रव) पंप करून विहीर मारायचे, म्हणजे गॅसचा प्रवाह दाबून थांबवायचे, प्रयत्न एकामागून एक फसले. शेवटी शेजारून दुसरी विहीर खोदून ती फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद केली. तोवर सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता आणि हजारो कुटुंबांनी घरं सोडली होती.

म्हणून प्रत्येक जुन्या विहिरीची भिंत आतून मोजा. त्यात सोडून दिलेल्या आणि बुजवलेल्या विहिरीही आल्या. गॅस फक्त ट्युबिंगमधूनच न्या, खाली पॅकर (मधली पोकळी बंद करणारं बूच) लावा, म्हणजे एक भिंत गेली तरी दुसरी उरेल. आपल्या वसई क्षेत्रातल्या गॅससारखा आंबट गॅस असेल तर हायड्रोजन सल्फाइड स्टीलला आणखी त्रास देतो. केसिंगचा धातू निवडतानाच हे बघा.

हिशेब पुस्तकातून नको, दाबातून करा

मीटरवर किती भरला आणि किती काढला, याची वजाबाकी म्हणजे साठा नव्हे. वर्षातून निदान दोनदा, साठा भरल्यावर आणि उतरल्यावर, विहिरी काही दिवस बंद ठेवून तळाचा दाब घ्या. गॅस भरणं थांबवल्याबरोबर घेतला, तर विहिरीजवळचा चढा दाब दिसेल आणि सगळं ठीक आहे असं वाटेल. दाब भागिले झेड (गॅस आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो ते सांगणारा गुणांक) हा आकडा साठ्यासमोर आलेखावर मांडा. क्षेत्र बंदिस्त असेल तर रेघ सरळ येते आणि दरवर्षी त्याच जागी येते. पुस्तकात साठा तेवढाच, पण दाब दरवर्षी थोडा खाली, असं दिसलं तर आधी मीटर तपासा, मग विहिरी, आणि त्यानंतर गॅस क्षेत्राच्या कडेनं सरकतोय का ते बघा.

मूळ दाबापेक्षा जास्त भरायचा मोह मात्र अभ्यासाशिवाय नकोच. स्पेनच्या कॅस्टर प्रकल्पात २०१३ साली समुद्राखालच्या जुन्या तेलक्षेत्रात गॅस भरत असतानाच भूकंपांची मालिका लागली. प्रकल्प बंद करावा लागला.

शून्य दिसलं की खूश होऊ नका

उमेदीच्या काळात मी एका विहिरीवर रोज अ‍ॅन्युलसचा, म्हणजे ट्युबिंग-केसिंगमधल्या पोकळीचा, दाब लिहीत असे. रजिस्टरभर शून्यच शून्य. एका सकाळी गेजखालचा छोटा सुईव्हॉल्व्ह हाताला लागला, तर तो पूर्ण आवळलेला. उघडला तसा काटा सर्रकन वर गेला. किती महिने मी बंद नळीचा दाब लिहीत होतो, ते कळायला मार्गच नव्हता.

अ‍ॅन्युलसमध्ये दाब दिसला तर तो सावकाश सोडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि चोवीस तास थांबा. परत चढला नाही, तर बहुधा तापमानामुळे फुगलेला द्रव होता. चढला, तर गॅस कुठून तरी येतोय. मग बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवा. आयात एलएनजीचा भरलेला गॅस आणि वरच्या थरातला गॅस यांची घडण सहसा वेगळी असते, त्यावरून गळती साठ्याची की उथळ थराची ते कळतं. अहवाल येईपर्यंत त्या विहिरीतून भरणं बंद ठेवा.