उघड्या टपाची जुनी गाडी: जशी आहे तशी घेताना रास्त किंमत कशी काढावी

ठाण्याच्या नौपाड्यात किंवा पाचपाखाडीत एखादा जुना बंगला पुनर्विकासाला निघतो आणि पंचवीस वर्षं बंद असलेलं गॅरेज उघडतं. ताडपत्रीखाली मॉरिस मायनर असते, स्टँडर्ड हेराल्ड असते, नशीब जोरावर असेल तर एमजी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मालकाच्या मुलाने परदेशातल्या लिलावाचा आकडा फोनवर पाहिलेला असतो, तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने ‘भंगारात द्या’ म्हणून सांगितलेलं असतं. या दोन टोकांच्या मधली किंमत हिशेबाने काढता येते, पण हिशेब उलटा मांडावा लागतो. तशीच गाडी पूर्ण झाल्यावर किती रुपयांना विकली जाते तिथून सुरुवात करायची, तिथवर पोहोचण्याचा खर्च वजा करायचा, न दिसणाऱ्या दुखण्यांसाठी राखीव रक्कम वजा करायची. उरेल ती किंमत. कधीकधी काहीच उरत नाही, तेही आधी कळलेलं बरं.

कागद आधी, बॉनेट नंतर

आरसी बुक मागा आणि त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. कारखान्याची पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती दुसऱ्या गाडीवरून आणता येते. म्हणून चेसिसवर थेट ठोकलेला नंबर असेल तर तोच खरा धरा. रॉकेलच्या फडक्याने जागा पुसा, पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. आरटीओच्या अर्जावर लावतात तीच ही पेन्सिल छाप. डोळ्याला न दिसणारं कागदावर उमटतं: एखादा आकडा जास्त खोल, एखादा तिरका, आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक रेघा. हाताने लिहिलेल्या जुन्या आरसीत ३ चा ८ किंवा ५ चा ६ झालेला आढळतो. ती चूक दुरुस्त होऊ शकते. घासून पुन्हा ठोकलेल्या नंबराला मात्र इलाज नाही, ती गाडी सोडून द्या.

नंबर प्लेटही बोलते. एमएच मालिका १९८९ पासूनची, त्याआधी तीन अक्षरं आणि पुढे आकडे असत. त्यामुळे १९५५ सालच्या गाडीवर एमएच-०४ (ठाणे) किंवा एमएच-४३ (नवी मुंबई) दिसलं, तर ती मागाहून इथे नोंदवली गेली आहे. कुठून आली, का आली, जुना नंबर कोणता, हे विचारा आणि उत्तर कागदावर पाहा. गाडी आयात केलेली असेल तर कस्टम्सचे कागदही हवेत.

मूळ मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो, आणि इतर वारसांची लेखी ना हरकत घेऊन ठेवावी. त्यानंतर विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. जुनी नोंद संगणकावर चढलेली नसेल तर बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, त्यात महिने जातात. हे सगळं विक्रेत्याने करून दिलं तर एक किंमत, तुमच्या गळ्यात पडलं तर दुसरी.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी तिच्यात बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. पुढची पुनर्नोंदणी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिका मिळते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी येऊरला किंवा पाम बीच रोडला चक्कर मारायचा बेत असेल तर साधी नोंदणी चालू आहे का, दर पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरला आहे का, ते पाहा. साधी नोंदणी जिवंत असलेल्या गाडीला जास्त पैसे देण्यात काही चूक नाही.

पत्रा: खरी किंमत इथे ठरते

इंजिनाची धास्ती सगळ्यांना असते, पण खिसा रिकामा होतो तो पत्र्याच्या कामात. त्यात उघड्या टपाच्या गाडीला छपराचा आधार नसतो. सगळा भार जमिनीचा पत्रा आणि दाराखालची पेटी, म्हणजे सिल, पेलतात. गाडी एकसंध बॉडीची असेल तर सिल सडलं की ती मधोमध खचते. चेसिस वेगळी असलेल्या गाडीत तेच काम चेसिस आणि तिच्या आडव्या भुजा करतात.

सोबत न्या: कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटा आरसा, ट्रॉली जॅक, लाकडाची जाड फळी आणि एक प्लास्टिकचं कार्ड.

गाडी सपाट जागी उभी करा. दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली कार्ड सरकवून पाहा. वर कार्ड जात नाही आणि खाली बोट जातं, म्हणजे गाडी मध्ये खाली बसली आहे. आता पुढच्या चाकामागच्या जॅक पॉइंटखाली फळी ठेवून पुढचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत जॅक चढवा आणि फटीत कार्ड पुन्हा फिरवा. किंचित फरक कोणत्याही उघड्या गाडीत पडतो. पण मघाशी सहज जाणारं कार्ड अडकलं, किंवा अडकणारं सैल झालं, तर पाठीचा कणाच गेला आहे. जॅकवर असताना दार उघडू नका. कमकुवत गाडीत ते परत बसत नाही. फळी पत्र्यात रुतायला लागली तर चाचणी तिथेच थांबवा, उत्तर मिळालं आहे.

हे काम महाग का पडतं? सिल कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी धरून ठेवावी लागते, आणि तेही गाडी समतल ठेवून. घाईतला डेंटर ते न करता कापतो, बॉडी दुमडते, आणि नवं सिल त्या वाकड्या मापाला वेल्ड होतं. मग दारं आयुष्यभर लागत नाहीत. अशी ‘अर्धी दुरुस्त’ गाडी अजिबात हात न लागलेल्या गाडीपेक्षा स्वस्त हवी, कारण आधी ते काम उकलावं लागतं.

चुंबक दाराच्या खालच्या चार इंचांत, चाकांच्या कमानींवर आणि डिकीच्या कडेला फिरवा. पकड ढिली पडली तिथे पुट्टी आहे. कार्पेट उचला, बॅटरीखालची जागा पाहा (ॲसिडने आधी तीच जाते) आणि स्टेपनीचा खड्डा तपासा. स्क्रू ड्रायव्हरने ठोकत जा: टण् आवाज आला तर पत्रा, ठप् आला तर गंज. भोक मात्र पाडू नका, गाडी अजून तुमची नाही.

ठाण्यात खाडीची खारट हवा आहेच, पण त्याहून जास्त नुकसान घट्ट गुंडाळलेली प्लास्टिकची ताडपत्री करते. आत पाण्याची वाफ कोंडते, फाटक्या टपातून सीटमागे उतरते आणि जमिनीचा पत्रा वरून सडतो. त्यामुळे खालून बरी दिसणारी गाडीही आतून पाहायची. दुसरा इथला प्रश्न २६ जुलै २००५ च्या महापुराचा. तेव्हा गाडी कुठे उभी होती ते विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दाराच्या आतल्या पॅनलमागे, हेडलाइटच्या वाटीत आणि मीटरच्या काचेआड वाळलेल्या गाळाची रेघ शोधा. वरून धुतलेला गाळ पेटीच्या पोकळीत तसाच राहतो आणि पुढची वीस वर्षं ओलावा धरून बसतो.

मॉडेलप्रमाणे जागा बदलतात. हेराल्डला वेगळी चेसिस आहे, तिथे दाराखालच्या पट्ट्या दिखाऊ; चेसिसच्या आडव्या भुजा पाहा. मॉरिस मायनरला वेगळी चेसिस नाही, त्यामुळे सिल, जमीन आणि मधला आडवा बीम हेच सर्वस्व. एमजी टीसी, टीडी, टीएफमध्ये पत्र्याच्या आत ॲश लाकडाचा सांगाडा असतो. दार उघडून टोक वर उचला. बिजागरीसकट खांब हलला तर लाकूड कुजलं आहे. वरचा रंग कितीही चकचकीत असो, लाकडासाठी बॉडी उतरवावीच लागते.

टप मूळचा आहे की कापलेला?

हेराल्डचं छप्पर बोल्टने बसवलेलं असतं. दुपारभरात ते उतरतं आणि सलूनची, म्हणजे कायम छपराच्या गाडीची, ‘कन्व्हर्टिबल’ होते. खऱ्या गाडीत काचेच्या चौकटीवर टपाच्या कड्या अडकायच्या जागा असतात आणि मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना सांगाड्याचे कारखान्याचे ब्रॅकेट. मॉरिस मायनरच्या खऱ्या कन्व्हर्टिबलला डॅशबोर्डखाली दोन्ही टोकांना जादा मजबुतीचे तुकडे असतात. कापलेल्या सलूनला नसतात. मायनरच्या पुढच्या वर्षांतल्या चेसिस नंबराची सुरुवातही सांगते: एमएटी५ म्हणजे उघडी, एमए२एस५ म्हणजे दोन दारी सलून. कापलेली गाडी हौसेला छान, पण तिचा हिशेब सलूनच्या किमतीवरून करा. त्यातही मजबुती न देता कापली असेल तर आणखी खाली.

फाटलेल्या टपाची फार चिंता करू नका. सीट कव्हर शिवणारा चांगला कारागीर कापड शिवून देतो; फक्त जुना टप फर्मा म्हणून जपून ठेवा. लोखंडी सांगाडा आणि काचेवर बसणारी लाकडी पट्टी नसेल तर मात्र मोठी रक्कम वजा करा. ते दुकानात मिळत नाही, आणि दुसऱ्या गाडीवरून माप घेऊन बनवलेला सांगाडा नीट मिटेलच असं नाही.

इंजिन आणि उरलेलं

बंद गाडीला दोर लावून ओढू नका आणि बॅटरी लावून स्टार्टरही मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे तेल सोडा, एक रात्र थांबा, मग हँडलने हाताने फिरवा. फिरलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा थोडा कमी चालेल, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत. ऑइल दुधट असेल तर पाणी शिरलं आहे. जाम इंजिनही वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या लेथवाल्यांकडून सुटतं, रीबोअर होतं, म्हणजे सिलिंडर आतून पुन्हा कोरून मिळतात. तो खर्च आधी विचारून घेता येतो. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला, म्हणजे बॉडीला, जोडलेलं असतं; उलटं जोडलं तर विजेच्या यंत्रणेचं नुकसान होऊ शकतं.

इंजिनच बदललेलं असेल तर गोष्ट वेगळी. एकेकाळी डिझेल स्वस्त म्हणून मेटाडोर किंवा ॲम्बेसेडरचं इंजिन सर्रास बसवलं जाई. त्यासाठी चेसिस कापली, गिअरबॉक्स बदलला आणि आरसीवर इंधन बदललं. व्हिंटेज नोंदणीची मूळ स्वरूपाची अट तिथेच मोडते.

हरवलेल्या वस्तूंची यादी फोटोंसह करा: मीटर, दिवे, बंपर, काचेची चौकट, बिल्ले, दाराच्या काचेची यंत्रणा. मॉरिस आणि एमजीचे बरेच भाग इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात, म्हणजे भाव, भाडं आणि ड्यूटी मिळून आकडा निघतो. चाळीसच्या दशकातल्या दुर्मीळ अमेरिकन गाडीचं तसं नाही. तिथे चोर बाजार आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांच्या चकरा, आणि नशीब.

आकडेमोड

पूर्ण झालेल्या गाडीचा भाव जाहिरातीतून घेऊ नका, तो मागितलेला भाव असतो. रॅलीच्या पार्किंगमध्ये, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबच्या मंडळींकडून, प्रत्यक्ष व्यवहार झालेले दोन-तीन आकडे काढा. खालची रक्कम फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहे.

समजा तशी पूर्ण गाडी १४ लाखांना गेली. पत्रा आणि रंग ३.५० लाख, इंजिन-गिअरबॉक्स १.२५, टप आणि सीटा ०.९०, क्रोम ०.६०, ब्रेक, वायरिंग, टायर ०.८०, हरवलेले भाग १.२०. बेरीज ८.२५ लाख. त्यावर २५ टक्के राखीव, म्हणजे सुमारे २.०६. कागद आणि वाहतूक ०.४०. उरले साधारण ३.२९ लाख. बोलणी पावणेतीनला सुरू करा, सव्वातीनच्या वर जाऊ नका. गाडी आधी कोणी अर्धी उघडून ठेवली असेल तर राखीव २५ ऐवजी ४० टक्के धरा, कारण खोक्यात काय नाही हे जोडायला बसल्यावरच कळतं.

एका प्रकारच्या गाडीला हा हिशेब लावू नये: जिचा मूळ रंग, मूळ सीटा आणि मूळ इंजिन शाबूत आहे. ती नवी करायची नाही, फक्त सुरक्षित चालती करायची. ब्रेक, रबरी होज, टायर आणि पेट्रोलची टाकी साफ, एवढाच खर्च वजा होतो, त्यामुळे किंमत बरीच वर जाते, आणि जावी. रंग मूळ आहे का ते ग्लोव्ह बॉक्सच्या आत, नंबर प्लेटमागे आणि दाराच्या रबराखाली पाहा. तिन्हीकडे तीच छटा हवी आणि रबरावर किंवा चेसिस पट्टीवर फवाऱ्याचे शिंतोडे नकोत.

विक्रेत्याला बिल्डरने दिलेली तारीख गाठायची असेल तर तो भाव उतरवतो. त्याचा फायदा घ्या, पण कागदांची पायरी गाळू नका. टोकनच्या पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, उरलेली रक्कम आणि ‘कागद अमुक तारखेपर्यंत पूर्ण न झाल्यास टोकन परत’ हे लिहून घ्या. गाडी फ्लॅटबेडवरच न्या. भरण्याआधी माळा, अडगळीची खोली आणि गॅरेजचे फडताळ विक्रेत्यासमोरच उघडून पाहा. टपाचे सांधे, बाजूच्या काचा, हँडल अशा वस्तू बहुतेक वेळा तिथेच पडलेल्या असतात, आणि पाडकाम सुरू झालं की त्या डेब्रिजच्या ट्रकमध्ये जातात.