कासला फुलं टिपायला निघण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याची तयारी

सीतेची आसवं हे फूल जेमतेम सेंटिमीटरभराचं, आणि दवबिंदू या कीटकभक्षी रोपाच्या पानांवरचे चिकट थेंब तर मिलिमीटरच्या हिशोबातले. त्यात पठारावर वाट सोडून फुलांत शिरायचं नाही, शिरूही नये. मग लांबूनच बारीक तपशील मिळावा म्हणून फोनवरचा ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचा मोड लावला जातो, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा अडकतो, काळा पडतो किंवा ॲप धाडकन बंद होतं. तिथे धुक्यात आणि भुरभुर पावसात उभं राहून सेटिंग शोधणं अवघड, आणि रेंज गेली तर नवं ॲपही उतरवता येत नाही. म्हणून ही तयारी घरीच, निघायच्या निदान दोन दिवस आधी करून ठेवा.

पहिलं काम म्हणजे बिघाड घरीच घडवून आणायचा. कुंडीतली तुळशीची मंजिरी दिवसाच्या उजेडात समोर घ्या आणि पूर्ण मेगापिक्सेलच्या मोडमध्ये लागोपाठ दहा फोटो काढा. काय होतं ते नीट बघा, कारण कॅमेरा बंद पडण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. फक्त कॅमेऱ्याचं ॲप बंद झालं आणि बाकी फोन सुरळीत असला, तर बहुतेक वेळा मेमरी (रॅम, म्हणजे ॲप चालताना लागणारी तात्पुरती जागा) कमी पडते किंवा ॲपमध्येच गडबड असते. फोनच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर संशय बॅटरीवर घ्या: जुनी झालेली बॅटरी अचानक वाढलेला भार पेलत नाही आणि तिचं व्होल्टेज पडतं. ॲप उघडल्यापासूनच पडदा काळा असेल, तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पॅनेलमध्ये कॅमेरा बंद करायचं बटण असू शकतं; ते चुकून दाबलं गेलं की सगळ्याच ॲपमध्ये कॅमेरा काळा दिसतो. टॉर्च, क्यूआर स्कॅनर किंवा अर्धवट सोडलेला व्हिडिओ कॉल यांनी कॅमेरा धरून ठेवलेला नाही ना, तेही पाहा.

मेमरीचं गणित एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच उपाय आपोआप सुचतात. ५० मेगापिक्सेल म्हणजे ५ कोटी बिंदू. रंग भरून तयार झालेल्या चित्रात प्रत्येक बिंदूला ३ बाइट धरले, तर एका चित्राला १५० एमबी लागतात. २०० मेगापिक्सेलला ६०० एमबी. गॅलरीत दिसणारी जेपेग फाइल यापेक्षा कितीतरी लहान असते, पण ती दाबून लहान केल्यानंतरची. शिवाय एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद दोन्ही भाग नीट दाखवणारी सोय, चालू असली की फोन एकाऐवजी अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतो. ४ किंवा ६ जीबी रॅमच्या फोनमध्ये बरीचशी जागा अँड्रॉइडने आधीच व्यापलेली असते. जागा पुरेना झाली की सिस्टिम ॲप बंद करायला लागते, आणि त्यात कधी कधी कॅमेऱ्याचाच नंबर लागतो. सेटिंगमध्ये दिसणाऱ्या वाढीव रॅमवर विसंबू नका. ती खरी रॅम नव्हे, स्टोरेजचाच तुकडा आहे आणि रॅमपेक्षा खूप हळू आहे.

म्हणून पठारावर पोचल्यावर फोन एकदा रीस्टार्ट करा, नकाशा आणि इन्स्टाग्राम उघडू नका, आणि एक फोटो काढल्यावर कोपऱ्यात फिरणारं चक्र थांबेपर्यंत दुसरा काढू नका. चक्र फिरत असताना गॅलरीत डोकावायचा मोह होतो. नेमका तोच फोटो अर्धवट राहतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं मोशन फोटो, वॉटरमार्क, ब्युटी, सीन ओळखणारं एआय हे सगळं बंद करून ठेवा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरकडून आलेली जवळजवळ कच्ची नोंद, खरंच नंतर संपादित करणार असाल तरच चालू ठेवा. १६ बिटची, न दाबलेली १२ मेगापिक्सेलची रॉ सुद्धा २४ एमबीच्या आसपास जाते, आणि ५० ची १०० एमबीपर्यंत.

इथे एक ठाम मत. ढगाळ हवेत पूर्ण मेगापिक्सेलचा हट्ट धरू नका. नेहमीच्या मोडमध्ये ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार बिंदू एकत्र करून १२.५ चा फोटो देतो, २०० चा सेन्सर सोळा एकत्र करतो. कमी उजेडात हाच फोटो स्वच्छ येतो. मोठा मोड ऊन पडलं आणि वारा थांबला, तर वापरा. आणि २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो (अगदी जवळून टिपणारा) कॅमेरा असलेला फोन असेल, तर तो कॅमेरा विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर २ एक्स लावून थोडं मागून काढलेला फोटो त्याहून सरस निघतो. काही फोन फुलाजवळ गेलं की आपणहून अल्ट्रावाइडवर, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर, उडी मारतात आणि त्या अदलाबदलीत अडखळतात. ऑटो मॅक्रो बंद करायची सोय असेल तर ती वापरा.

जागेचं पाहायचं तर फोनमध्ये निदान १० जीबी मोकळी ठेवा. डिलीट केलेले फोटो साधारण ३० दिवस गॅलरीच्या कचरापेटीत जागा अडवून बसतात, तेव्हा ती पेटी रिकामी करा. फोटो मेमरी कार्डावर जात असतील तर सेव्ह करायची जागा बदलून फोनची आतली मेमरी ठेवा. संथ कार्डावर मोठी फाइल लिहिताना ॲप अडकतं.

ॲपमध्येच दोष असेल तर आधी सेटिंगमधून कॅमेरा ॲपची कॅशे (साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) साफ करा. तेवढ्याने भागलं नाही तर डेटा साफ करा. काढलेले फोटो जात नाहीत, फक्त तुम्ही लावलेली सेटिंग मूळपदावर येतात. दुसऱ्या मॉडेलसाठी बनवलेलं जीकॅम (गूगलच्या कॅमेरा ॲपची बदललेली आवृत्ती) कुठून तरी उतरवलेलं असेल तर ते काढून टाका. तरीही बंद पडत असेल तर सेफ मोड लावून पाहा; त्यात तुम्ही टाकलेली ॲप चालत नाहीत. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर ऑफचं बटण पडद्यावर दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये कॅमेरा नीट चालला, तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या ॲपचा. फोनचं ॲप चाललंच नाही तर पर्याय म्हणून ओपन कॅमेरा हे मोफत ॲप हाताशी असू द्या. फॅक्टरी रीसेट आणि सिस्टिम अपडेट मात्र निघायच्या आदल्या रात्री करू नका.

आता प्रवास. साताऱ्याहून कास साधारण २५ किलोमीटर, आणि पुष्कळ जण बाइकवर येतात, फोन हँडलला लावून. हे टाळाच. मोठ्या इंजिनाची कंपनं सतत बसली तर लेन्स स्थिर ठेवणारी ओआयएस यंत्रणा बिघडू शकते. ॲपलनेही आयफोनबाबत असा इशारा दिलेला आहे. फोन खिशात किंवा सॅकमध्ये कपड्यात गुंडाळून ठेवा. ही यंत्रणा तपासणं सोपं आहे. कॅमेरा बंद असताना फोन हलवला की आत हलका खडखड आवाज येणं स्वाभाविक आहे, लेन्स तिथे सैलच असते. पण कॅमेरा उघडल्यावर गुणगुण ऐकू आली आणि स्थिर धरूनही चित्र थरथरत राहिलं, तर आधी चुंबकाचं कव्हर किंवा मागची पट्टी काढून पाहा. तरी थरथर थांबली नाही तर कॅमेऱ्याचं मॉड्यूल बदलावं लागतं. कुठलंही ॲप ते दुरुस्त करत नाही. अल्ट्रावाइड चालत असेल तर त्या दिवसापुरतं त्यावर भागवा.

गाडीने जाणार असाल तर डॅशबोर्डवर नकाशा आणि चार्जर एकदम चालू ठेवून फोन तापवू नका. तापलेला फोन कॅमेरा बंद करतो. पोचायच्या अर्धा तास आधी चार्जर काढा. एसीच्या झोतासमोर धरून फोन गार करू नका. बाहेरच्या ओल्या हवेत आल्यावर लेन्सवर बाष्प धरतं. पठारावर एअरप्लेन मोड लावा, टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. बॅटरी २० टक्क्यांच्या वर राहू द्या, बॅटरी सेव्हर बंद ठेवा. सोबत १०,००० एमएएचची पॉवर बँक, झिपची पिशवी आणि चष्मा पुसायचं कापड घ्या. पडद्यावर थेंब पडले की बोटाचा स्पर्श भलतीकडेच लागतो, त्यामुळे आवाजाच्या बटणाने फोटो निघतो ना, हे घरीच पाहून ठेवा.

एवढं करूनही तिथे ॲप बंद पडलंच, तर क्रम असा ठेवा: ॲप सक्तीने बंद करा, हाताला फोन गरम लागत असेल तर पाच मिनिटं सावलीत ठेवा, रीस्टार्ट करा, आणि मोठा मोड सोडून १२ मेगापिक्सेलवर एक फोटो काढा. तो गॅलरीत उघडून, मोठा करून, पाकळीची कड स्पष्ट आहे का ते पाहा, आणि मगच पुढच्या फुलाकडे वळा.